पटकीच्या रोग्याची शुश्रूषा

(मंडळींच्या वर्गांकरितां पाठ. वाचावयाचा भाग : लूक १०:२५–३७)

पावसाळा लागला म्हणजे आमच्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांपुढें एक प्रश्न दरवर्षीं उभा राहतो. ओढ्यास गढूळ पाणी येतें, वरचें पाणी विहिरींत उतरतें, आणि कोठें ना कोठें ढाळवांतीची सांथ उठते. अमुक वाडींत पटकी लागली, अशी बातमी येऊन पोंचते. अशा वेळीं ख्रिस्ती मनुष्यानें काय करावें? दार लावून घरांत प्रार्थना करीत बसावें, कीं आजाऱ्याच्या घरीं जावें? आणि जावयाचें तर हातीं काय घेऊन जावें?

या प्रश्नांचें उत्तर प्रभूनें एका दृष्टांतांत देऊन ठेविलें आहे. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट आपण पुष्कळदां ऐकिली आहे. परंतु ती दयेची गोष्ट म्हणून ऐकतों, शुश्रूषेचा पाठ म्हणून ऐकत नाहीं. तो शोमरोनी वाटेंत पडलेल्या माणसाजवळ गेला. त्याची अवस्था त्यानें पाहिली. आपल्या गाठोड्यांत जें होतें तें काढून उपचार केला. त्यास जनावरावर घालून उतारशाळेंत नेलें. रात्रभर त्याची निगा राखिली. आणि पुन्हां येण्याचें वचन देऊन मग आपल्या वाटेनें गेला. या सहा पायऱ्या होत. पटकीच्या रोग्याची शुश्रूषाही याच सहा पायऱ्यांनीं करावयाची असते.

हा रोग कसा मारतो

प्रथम शत्रूची ओळख करून घेतली पाहिजे. पटकी, म्हणजे ज्यास कॉलरा म्हणतात तो रोग, एका सूक्ष्म जंतूपासून होतो. जर्मन वैद्य रॉबर्ट कॉक यांनीं इ. स. १८८४ सालीं कलकत्त्यास रोग्यांच्या आंतड्यांत व तळ्याच्या पाण्यांत हा जंतु ओळखून दाखविला. तो रोग्याच्या मळांतून व वांतींतून बाहेर पडतो, आणि पाणी, अन्न, माशा व न धुतलेले हात यांच्या द्वारें दुसऱ्याच्या तोंडांत जातो. पोटांत गेल्यावर कांहीं तासांपासून पांच दिवसांपर्यंत केव्हांही रोग प्रगट होतो. तो वाऱ्यावरून येत नाहीं. रोग्याच्या उशाशीं बसल्यानें किंवा त्याचा हात हातीं धरल्यानें तो लागत नाहीं. मात्र आपला हात धुतल्यावांचून तोंडाकडे जातां कामा नये.

आतां या पाठांतील मुख्य गोष्ट. डॉ. शंभुनाथ डे यांनीं इ. स. १९५९ सालीं कलकत्त्यास असें दाखविलें कीं, हा जंतु एक विष सोडतो, आणि त्या विषाच्या योगानें शरीरांतील पाणी व क्षार आंतड्यांत ओतले जाऊं लागतात. रोग जोराचा असला तर मोठ्या माणसाच्या अंगांतून तासास एक लिटरपर्यंत पाणी निघून जातें. सकाळीं शेतावर गेलेला मनुष्य संध्याकाळपर्यंत मरूं शकतो, तो यामुळेंच. त्याचें आंतडें फाटलेलें नसतें, रक्त नासलेलें नसतें. रोगी तहानेनें मरतो. हें एक वाक्य ज्यास नीट कळलें त्यास बाकीचा पाठ सोपा आहे.

आणि तरीही पुष्कळ घरांतून काय आढळतें? ‘पाणी पाजलें तर ढाळ वाढतील’ असें म्हणून माय लेकराच्या ओठांस ओला बोळा लावते आणि तांब्या दूर सारते. तिच्या मनांत मायाच असते, पण त्या मायेनें लेंकरूं दगावतें. गळक्या घागरींत पाणी ओतण्याचें थांबविलें म्हणून गळती बंद होते काय? घागर मात्र लवकर रिकामी होते. पटकीची गळती दोन-चार दिवसांत आपोआप बुजते. तोंपर्यंत घागर भरती ठेवणें, एवढेंच शुश्रूषा करणाराचें काम आहे.

दुसरा एक समज मनाचा आहे. कित्येक गांवीं हा रोग मरीआईचा कोप मानून तिचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडीत, आणि आपणांपैकीं कित्येकांच्या वाडवडिलांनीं तो गाडा ओढिलेला आहे. आपण तो गाडा सोडिला. परंतु ‘अमक्याच्या पापामुळें देवानें हें दुखणें धाडिलें’ असें म्हणूं लागलों, तर तोच गाडा नवें नांव देऊन आपण मंदिरांत आणिला असें होईल. जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनीं, पाप कोणाचें, असें विचारिलें तेव्हां प्रभूनें कोणासही दोष दिला नाहीं; त्यानें त्या आंधळ्याच्या डोळ्यांस हात लाविला. आपणही पाप शोधीत बसूं नये, पाणी शोधावें.

१. जवळ जाणें

याजक व लेवी हे निर्दय होते असें शास्त्र सांगत नाहीं. ते भ्याले असतील. प्रेतास शिवलों तर विटाळ होईल, अशी शंका त्यांस आली असेल. भीति आणि विटाळ या दोन गोष्टी आजही आजाऱ्याच्या दाराशीं उभ्या असतात. भीतीचें उत्तर वर दिलेंच आहे : साबणानें हात धुणारास या रोगाचें भय फार थोडें.

विटाळाविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. आमच्या वाडवडिलांस गांवच्या विहिरीवर चढूं देत नसत. वरून कोणी ओंजळींत पाणी घातलें तर तें प्यावें, अशी त्यांची स्थिति होती. शोमरोन्याचीही तीच गत होती. यहूदी लोक त्याच्या भांड्यांतून पाणी घेत नसत. प्रभूनें दृष्टांताकरितां नेमका तोच मनुष्य निवडिला, हें आपण विसरूं नये. ज्यांच्या हातचें पाणी कोणी घेत नसे त्यांच्या हातीं आज जीव वांचविणारें पाणी आहे. तें कोणाच्या दारीं न्यावें आणि कोणाच्या नेऊं नये, असा हिशेब करण्याचा अधिकार आपणांस नाहीं.

एखाद्या घरीं अजूनही कोणी आपल्या हातचें पाणी घेण्यास कचरला, तर वाद घालूं नये. त्याच्या घरच्याच माणसास पुडी द्यावी, तिचें पाणी कसें करावें तें दाखवावें, आणि त्याच्या हातून पाजवावें. आपला मान राहणें हें कार्य नव्हे; रोगी जगणें हें कार्य होय. तसेंच, रोग्याच्या उशाशीं धर्माचा सौदा करूं नये. त्यानें विनंती केल्यास प्रार्थना करावी. न केल्यास मनांत करावी, आणि चमचा चालू ठेवावा.

२. पाहणें

रोगी पाहतां आला पाहिजे. पटकीचे ढाळ पुढें पुढें तांदुळाच्या धुवणासारखे पांढुरके होतात, बहुधा पोटांत कळ नसते, ताप नसतो, वांती होते, पोटऱ्यांस गोळे येतात. पाण्याचा तुटवडा किती झाला हें पुढील खुणांनीं ओळखावें.

तहान लागली आहे, रोगी बेचैन आहे, डोळे खोल गेले आहेत, जीभ कोरडी आहे, लघवी थोडी व गडद होते. पोटावरील कातडी चिमटींत धरून सोडिली तर हळू खालीं बसते. अशा रोग्यास ताबडतोब पाजूं लागावें आणि वैद्यकीय मदत बोलवावी.

रोगी गळून निपचित पडला आहे, त्यास पितां येत नाहीं, हातपाय गार आहेत, आवाज बसला आहे, बोटांची कातडी दिवसभर धुणें धुतल्यासारखी सुरकुतली आहे, नाडी लागत नाहीं, लघवी बंद आहे, चिमटींतली कातडी दोन सेकंदांहून अधिक वेळ तशीच उभी राहते. ही मरणाची हाक होय. त्यास शिरेंतून सलाईन मिळालें पाहिजे. एक घटकाही दवडूं नये. तान्ह्या मुलाची टाळू खोल गेली आहे कीं काय, आणि रडतांना आसवें येतात कीं नाहीं, हेंही पाहावें.

३. पाजणें

शोमरोन्यानें जवळ असलेलें तेल व द्राक्षारस वापरिला. त्यानें यरीहोहून वैद्य येण्याची वाट पाहिली नाहीं. आपल्या गाठोड्यांत मीठ, साखर व पाणी आहे.

सर्वांत उत्तम म्हणजे सरकारी दवाखान्यांत, आशाताईकडे किंवा अंगणवाडींत मिळणारी ओ. आर. एस. ची, म्हणजे जलसंजीवनीची पुडी. पुडीवर किती पाणी घ्यावयाचें तें लिहिलेलें असतें. मोठी पुडी १ लिटरची असते. सगळी पुडी एकदमच त्या मापाच्या उकळून निवविलेल्या पाण्यांत घालावी. अर्धी आज, अर्धी उद्यां, असें करूं नये; आणि मिसळल्यावर तें पाणी पुन्हां उकळूं नये.

पुडी नसल्यास : स्वच्छ पाणी १ लिटर, साखर चहाचे ६ सपाट चमचे, मीठ अर्धा सपाट चमचा. चमचे शिगोशीग भरूं नयेत. मीठ अधिक झालें तर अपाय होतो. म्हणून प्रथम आपण चाखून पाहावें, आणि आसवांहून खारट लागलें तर टाकून देऊन नवें करावें. २४ तासांनंतर उरलेलें पाणी टाकावें. याखेरीज मीठ घातलेली भाताची पेज, ताक, शहाळ्याचें पाणी चालतें. बाटलींतील गोड सरबतें व सोडा हीं याऐवजीं देऊं नयेत.

किती पाजावें? प्रत्येक ढाळानंतर दोन वर्षांखालील मुलास ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे सुमारें अर्धा कप; दोन ते दहा वर्षांच्या मुलास १०० ते २०० मिलिलिटर; त्याहून मोठ्यास पिववेल तितकें. लहान मुलास चमच्यानें द्यावें. वांती झाली तर घाबरून थांबूं नये. दहा मिनिटें थांबावें, आणि मग दर दोन-तीन मिनिटांनीं एकेक चमचा पुन्हां सुरू करावा. अंगावर पिणाऱ्या मुलास पाजणें मुळींच बंद करूं नये. शुद्धीवर नसलेल्या रोग्याच्या तोंडांत मात्र कांहीं घालूं नये. तें श्वासनळींत जाईल.

कोणी म्हणेल, इतक्या साध्या पाण्यानें असा भयंकर रोग कसा हटेल? नामानासही यार्देनेंत स्नान करणें असेंच क्षुल्लक वाटलें होतें. साखरेचा गुण असा कीं, आंतड्यांतून रक्तांत शिरतांना ती मिठास आपल्याबरोबर आंत नेते, आणि मिठामागून पाणी जातें. पटकीचें विष हें दार बंद करूं शकत नाहीं. म्हणून नुसत्या पाण्यानें जें होत नाहीं तें मीठ-साखरेच्या पाण्यानें होतें.

याची साक्ष इ. स. १९७१ सालीं सर्व जगास मिळाली. त्या वर्षीं पूर्व बंगालांतून लाखों निराश्रित लोक हिंदुस्थानांत आले, आणि त्यांच्या छावण्यांत पटकी पसरली. सरहद्दीजवळील बनगांव येथें डॉ. दिलीप महालनबीस हे काम करीत होते. दवाखान्यांत रोगी जमिनीवर पडलेले, आणि सलाईनच्या बाटल्या संपत आलेल्या. तेव्हां त्यांनीं ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचें मिश्रण पाण्यांत कालवून पिंपांत भरिलें, आणि तें पाजण्याचें काम रोग्यांच्या आप्तांवर सोंपविलें. तोंवर छावण्यांत शेंकडा ३० पर्यंत रोगी मरत असत; या पाण्यानें तें प्रमाण शेंकडा ४ च्या आंत आलें. तेथें पाजणारे हात आयाबहिणींचे, भावांचे, शेजाऱ्यांचे होते. त्यांतील बहुतेकांस वैद्यकीचा गंधही नव्हता. आज वेळेवर व योग्य उपचार झाल्यास शंभरांत एकही रोगी मरूं नये, अशी स्थिति आहे. उपचार न झाल्यास जोराच्या विकारांत निम्मे मरतात. या दोहोंमधील अंतर पुष्कळदां एका चमच्याचें असतें.

४. उचलून नेणें

शोमरोन्यानें वाटेवरच सर्व उपचार उरकले नाहींत. अधिक सोय होती तेथें त्यानें रोग्यास नेलें. आपणही वर सांगितलेल्या खुणा दिसतांच प्राथमिक आरोग्य केंद्राकडे न्यावें. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर दूरध्वनि केल्यास रुग्णवाहिका येते. ती येईपर्यंत, आणि पिण्याइतकी शुद्ध असेल तर वाटेंतही, पाजणें थांबवूं नये. रोग्यास कुशीवर निजवावें, म्हणजे वांती घशांत अडकणार नाहीं. जंतुनाशक औषधें द्यावयाचीं कीं नाहींत हें डॉक्टर ठरवितील. ढाळ कोंडणाऱ्या गोळ्या दुकानांतून आणून देऊं नयेत. मुलांस तर कदापि नाहींत.

एका गांवीं दोन-तीन माणसें एकदम आजारी पडलीं तर आरोग्य केंद्रास त्याच दिवशीं कळवावें. सांथ लपविणें म्हणजे शेजाऱ्याच्या घरास लागलेली आग लपविणें होय.

५. रात्रभर निगा राखणें

खरी शुश्रूषा रात्रीं होते. ढाक्क्याच्या पटकीच्या रुग्णालयांत खाटेच्या मध्यभागीं भोंक ठेवून खालीं बादली ठेवितात. आपल्या घरच्या बाजेचे दोर मध्यें सैल करून, वर भोंक पाडलेलें प्लास्टिकचें कापड अंथरून, तीच सोय करतां येते. रोग्यास उठवावें लागत नाहीं, अंथरूण भिजत नाहीं, आणि किती पाणी गेलें तें दिसतें. स्त्री रोगी असल्यास तिच्याजवळ स्त्रीनेंच बसावें, आणि आडोसा करावा. अंग पुसून कोरडें ठेवावें, पांघरूण घालावें.

उपदेशकांस आमची एक खास विनंती आहे. आपणांस लिहितां येतें. तें दान येथें उपयोगीं आणावें. एका वहींत वेळ, ढाळ, वांती, लघवी आणि पाजलेले कप लिहीत जावे. तो कागद डॉक्टरांच्या हातीं पडला म्हणजे त्यांस रात्रीची सर्व हकीकत कळते.

आतां स्वच्छता. बादलींत जितका मळ व वांती असेल तितकेंच ब्लीचिंग पावडरीचें पाणी (१ लिटरास ५० ग्रॅम) घालून निदान एक तास तसेंच ठेवावें, आणि मग शौचकूपांत किंवा विहिरीपासून दूर खणलेल्या खड्ड्यांत ओतून माती लोटावी. मोशेच्या नियमशास्त्रांत छावणीबाहेर खणून मळ झांकण्याची आज्ञा आहे. ती देवास क्षुल्लक वाटली नाहीं, तर आपणांस कां वाटावी? भरलेले कपडे उकळावे आणि उन्हांत वाळवावे. ते नदीवर, ओढ्यावर किंवा विहिरीच्या कडेला कदापि धुऊं नयेत.

या शेवटल्या गोष्टीची किंमत लंडन शहरानें दिली आहे. इ. स. १८५४ सालीं तेथील सोहो भागांत थोड्याच दिवसांत सहाशेंहून अधिक माणसें पटकीनें मेलीं. डॉ. जॉन स्नो यांनीं एका सार्वजनिक पंपाचें पाणी यास कारण आहे असें सांगितलें, आणि पंपाचा दांडा काढविला. त्या भागांतील तरुण पाळक हेन्री व्हाइटहेड यांस हें मत प्रथम पटलें नाहीं. परंतु घरोघरचीं माणसें त्यांच्या ओळखीचीं होतीं. ते दारोदार फिरून विचारपूस करूं लागले, आणि त्यांच्याच शोधानें डॉक्टरांचें म्हणणें सिद्ध झालें. पंपाशेजारच्या घरांत एक तान्हें मूल सांथीच्या आरंभीं आजारी पडलें होतें. त्याच्या आईनें दुपटीं धुतलेलें पाणी घरापुढल्या मळकुंडांत ओतलें, आणि तें झिरपून विहिरींत गेलें. त्या माउलीचा कांहीं दोष नव्हता. तिला कोणी सांगितलें नव्हतें. आपणांस सांगितलें आहे. आणि पाळकानें घरोघर फिरणें हें किती मोलाचें आहे, तेंही या हकीकतीवरून दिसेल.

रोग्याजवळ बसणारानें शक्य तर दुसऱ्यांकरितां स्वयंपाक करूं नये. मळ काढल्यावर, पाजण्यापूर्वीं व जेवण्यापूर्वीं साबणानें हात धुवावे. साबण नसल्यास राखेनें.

६. पुन्हां येणें

ढाळ थांबले म्हणजे काम संपलें असें नव्हे. वांती थांबतांच मऊ भात, खिचडी, केळें द्यावें. उपाशी ठेवूं नये. लहान मुलांस जस्ताच्या गोळ्या १० ते १४ दिवस द्यावयाच्या असतात. त्या आरोग्य केंद्रांतून मागून घ्याव्या.

दुसऱ्या दिवशीं विहिरीकडे जावें. विहिरींत चांगली ब्लीचिंग पावडर दर १००० लिटर पाण्यास निदान २.५ ग्रॅम या मानानें घालावी लागते, आणि एक तासपर्यंत पाणी काढूं द्यावयाचें नसतें. हें काम ग्रामपंचायतीकडून वेळच्या वेळीं होतें कीं नाहीं, यावर मंडळीनें नजर ठेवावी. घरीं पिण्याचें पाणी उकळून घ्यावें, झांकून ठेवावें, आणि ओगराळ्यानें काढावें.

आणि एखाद्यास प्रभूनें आपणाकडे नेलें तर? त्या घरास टाकूं नये. परंतु प्रेत धुणारांनीं हात स्वच्छ धुवावे व अन्नास शिवूं नये. दफन लवकर करावें. त्या घरीं मोठी पंगत बसवूं नये. सांथ असेपर्यंत मंडळीचें प्रीतिभोजन पुढें ढकलावें. दुःखिताजवळ बसून रडण्यास जेवणाची गरज नसते.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. पटकीचा रोगी कशानें मरतो? ‘पाणी दिल्यानें ढाळ वाढतात’ असें म्हणणारास काय उत्तर द्याल?

२. एक लिटर पाण्यास साखर किती, मीठ किती? वर्गांत प्रत्यक्ष करून सर्वांनीं चाखून पाहावें.

३. कोणत्या खुणा दिसतांच रोग्यास दवाखान्यांत नेलें पाहिजे?

४. रोग्याचे कपडे कोठें धुऊं नयेत, आणि कां?

५. आपल्या गांवांत असें कोणतें घर आहे कीं जेथें आपण पाणी घेऊन जाण्यास कचरतों?

पांचव्या प्रश्नाचें उत्तर वर्गांत मोठ्यानें देण्याची गरज नाहीं. प्रत्येकानें तें घरीं जाऊन प्रार्थनेंत द्यावें. प्रत्येक उपदेशकानें मात्र या आठवड्यांतच जलसंजीवनीच्या पुड्या, साबणाची वडी, ब्लीचिंग पावडरीचा झांकणाचा डबा, एक चमचा, आणि वही-पेन्सिल एका पिशवींत भरून शास्त्राशेजारीं टांगून ठेवावें. रात्रीं कोणी दार ठोठावलें, तर दोन्ही घेऊन निघावें. तान्हेल्यास दिलेल्या पेलाभर पाण्याचा जो प्रभु विसर पडूं देत नाहीं, तो आपल्या हातांस धैर्य व रात्रभर जागें राहण्याचें बळ देवो. आमेन.